बाबांचा राहिलेला अर्धा दिवस

अलिप्तानंद महाराजांना मी पहिल्यांदा पाहिलं ते आश्रमात नव्हे, उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये. तेव्हा त्यांचं नाव हरिचंद्र होतं आणि ते रस्त्याच्या कडेला प्लास्टिकच्या बादल्या विकायचे. माझं नुकतंच लग्न झालं होतं, संसाराला बादली हवी होती. त्यांनी बादली उलटी करून बुडावर बुक्की मारून दाखवली. "घेऊन जा ताई, जन्मभर जाणार नाही." ती गणपतीपर्यंतसुद्धा टिकली नाही. फुटकी बादली घेऊन मी परत गेले, तर हसतमुखाने म्हणाले, "तुमच्याकडचं पाणी जड असेल." मी इतकी चकित झाले की भांडायचंही विसरले.

त्यानंतर पाचसहा वर्षांनी, सत्त्याऐंशी साली, मी आवणीला माहेरी गेले आणि तेच हसू मला दाढीतून दिसलं.

माझं माहेर चामटोलीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या वाडीत. नवरा चांगो आणि मी पालेगावात राहायचो. मी अंबरनाथला एका कंपनीत पॅकिंगला होते. वर्षभर कुठे रजा घेत नसे, पण भाताची रोपं लावायला, म्हणजे आवणीला, दोघंही वाडीवर जायचो. माझी आय, पुतळी, एकटी होती. बाप कधीच गेला होता. धाकटा भाऊ पदू होता, पण तो असून नसल्यासारखा झाला होता, कारण त्याला बाबा भेटले होते.

बाबांनी वाडीच्या खालची सपाट जमीन घेऊन तिथे आश्रम काढला होता. नाव अलिप्तानंद. कशापासून अलिप्त, ते मला कधी कळलं नाही. जीप होती, सोफा होता, टेपरेकॉर्डर होता. कोंबडीपासून तेवढे ते अलिप्त असत, तेही दिवसाउजेडी. रविवारी उल्हासनगर-बदलापूरचे भक्त गाड्या भरून येत, पायांवर डोकं ठेवत आणि डोंगराची हवा खाऊन परत जात. आठवड्याचे बाकीचे दिवस आमच्या वाडीचे. आश्रमाची विहीर वाडीने खणली, कुंपणाची भिंत वाडीने रचली, शेत वाडीने कसलं. पैसे मागितले तर माणूस मजूर होतो, नाही मागितले तर सेवक होतो. बाबांना सेवक फार आवडायचे.

पदू जीप चालवायचा. पगार नाही, दोन वेळचं जेवण आणि गळ्यात बाबांच्या फोटोचा बिल्ला. मी त्याला बादलीची गोष्ट सांगितली, तर तो भडकलाच.

"ताय, तू बादलीतच अडकलीस. बाबांनी ती माया कदीच सोडली."

"माया सोडली, पण माझ्या बादलीचे पैसे नाही सोडले," मी म्हटलं. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

त्या वर्षी बाबांनी फर्मान काढलं होतं. आधी देवाच्या शेताची आवणी, मग आपापली. देवाचं शेत म्हणजे बाबांचं शेत. त्यात पिकलेला तांदूळ महाप्रसादाला जातो असं वाडीला सांगितलेलं होतं, आणि तो छोट्या छोट्या पिशव्यांतून 'प्रसादाचा तांदूळ' म्हणून कॅम्प पाचच्या दुकानांत लटकताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता. पण फर्मान ते फर्मान. वाडीतल्या सगळ्या बायका आधी तिकडे वाकल्या. आयही वाकली.

इतरांना चार दिवस इकडे-तिकडे चालण्यासारखं होतं. आमचं तसं नव्हतं. आमचं खाचर एकच, रस्त्याला लागून, चढावर. पाऊस जरा थांबला की पाणी खाली निघून जायचं आणि चिखल आळायचा. रोपंही आयने लवकर पेरली होती. रोप जून झालं की त्याला गाठी धरतात, मग ते लावलं काय नि न लावलं काय. चांगोने देऊमामाचे बैल मागून आणून चिखल करून ठेवला होता. पाणी होतं, चिखल होता, रोप तयार होतं, फक्त हात नव्हते. आणि ते खाचर गेलं असतं तर आयने वर्षभर काय खाल्लं असतं? माझ्या पालेगावच्या खोलीत येऊन राहणारी ती बाई नव्हती.

मी चिडचिड करत होते आणि आय मात्र निवांत होती.

"हात येतील," ती म्हणाली. "बाबानं माजी मूठ घेतलीय."

आता ही मूठ सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. आमच्या वाडीत आवणीला सावड असते. मी तुझ्या खाचरात दिवसभर राबले की तू माझ्या खाचरात दिवसभर राबायचं. कोणी लिहून ठेवत नाही आणि कोणी विसरत नाही. वर्षभर तोंड न बघणाऱ्या बायकासुद्धा सावडीला येतात. पाठ फिरवून लावतात, पण लावतात. रोपाची बांधलेली जुडी, ती मूठ. कामाला आलेल्या बाईच्या हातून मालकाने पहिली मूठ घ्यायची आणि स्वतः लावायची. घेतली की तिचा दिवस त्याच्यावर चढला. तो त्याने अंगमेहनतीनेच फेडायचा, पैशाने नाही. ज्याला सावड नको असते तो मूठ हातात घेतच नाही, सरळ मजुरी देतो. आणि घरच्या माणसाची मूठ कोणी घेत नाही, कारण घरात सावड कसली?

बाबांना यातलं काही ठाऊक असायचं कारणच नव्हतं. आश्रमाच्या आवणीच्या पहिल्या दिवशी ते छत्री धरून बांधावर उभे होते. त्यांचा कारभारी जयदेव, जो पूर्वी लग्नांचे फोटो काढायचा, म्हणाला, "बाबा, एक रोप हातात घ्या ना, फोटो एकदम फर्स्ट क्लास येईल." जवळ आय होती. बाबांनी तिच्या हातातून मूठ घेतली, कपाळाला लावली आणि वाकून चिखलात खोचली. जयदेवने फोटो काढला. बायका लावायच्या थांबल्या आणि एकमेकींकडे बघू लागल्या. एवढा मोठा महाराज, आणि त्याने पुतळीशी सावड जोडली! आयने त्या दिवशी डोक्यावरचं इरलं जरा मागे सारलं आणि ताठ मानेने काम केलं.

"मानूस रीतीचा हाय," ती मला म्हणाली.

मी हसले. तिला ते आवडलं नाही.

तर आता तिचं खाचर तयार होतं आणि तिने बाबांना बोलवायचं ठरवलं. रीतीप्रमाणे हळदकुंकू आणि एक मूठ घेऊन ती आश्रमात गेली. मी मजा बघायला मागोमाग गेले. जयदेव व्हरांड्यात चहा पीत बसला होता.

"बाबा समाधीत आहेत."

समाधीचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. चांगला खर्जातला घोरण्याचा आवाज होता.

"त्यांना सांगा, पुतळीची आवनी हाय. सावडीला यायचं हाय."

जयदेवला हसू आवरेना. "मावशी, तुम्ही बाबांना चिखलात उतरवणार?" मग त्याने आत जाऊन अंगाऱ्याची पुडी आणली. "हे शेतात टाका. पीक डबल येईल."

आयने पुडी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि अगदी मनापासून विचारलं, "डबल यील. पन आदी लावाया नको का?"

आयने पुडी कमरेला खोचली आणि परत फिरली. वाटेत मी म्हटलं, "बघितलास तुझा रीतीचा माणूस?" ती म्हणाली, "त्याला निरोप पोचला नाय. जयदेवनं आडवला." तिचा विश्वास बघून मला रडावंसं वाटलं, आणि त्या घोरणाऱ्या माणसाच्या डोक्यात बादली घालावीशी वाटली.

दोन दिवसांनी गुरुपौर्णिमा होती. आश्रमाच्या दारापासून रस्त्याच्या वळणापर्यंत गाड्या लागल्या होत्या. चांदीच्या ताटात बाबांचे पाय धुतले जात होते आणि ते पाणी लोक तळहातावर घेऊन पीत होते. त्या पायांनी मागच्या पंधरवड्यात सोफ्यापासून जीपपर्यंतच प्रवास केला होता, त्यामुळे पाणी स्वच्छ असावं. दर्शनाच्या रांगेत आय उभी राहिली. सगळ्यांच्या हातात नारळ, हिच्या हातात चिखल गळणारी मूठ. पुढची बाई सारखी साडी सावरत होती.

पाळी आली तेव्हा आयने वाकून नमस्कार केला आणि मोठ्या आवाजात बोलली. ती बांधावरून बोलायला शिकलेली बाई, तिचा आवाज लहान होतच नाही.

"बाबा, तुमी माजी मूठ घेतली. मी इतके दिस तुमच्याकडं आवनी केली. आता माज्या खाचरात चला. रोप जून व्हतंय."

जयदेव पुढे धावला. बाबांनी डोळे मिटले, म्हणजे काय बोलावं ते त्यांना सुचत नव्हतं. एवढ्यात पुढच्या ओळीतल्या एका बाईंनी डोळ्यांना पदर लावला. "कितना भोला भाव है!" आणि कापडाच्या दुकानाचे मालक असलेले एक शेठ उठून हात जोडून म्हणाले, "बाबा, अब तो जाना पडेगा. भक्त ने बुलाया है." झालं! मंडपभर टाळ्या पडल्या. कोणीतरी जयजयकार सुरू केला. दर रविवारी या लोकांना भोळ्या भक्ताच्या गोष्टी सांगून सांगून बाबांनी स्वतःच तयार केलं होतं. आता ते नाही कसं म्हणणार? त्यांनी डोळे उघडले आणि हसले. तेच हसू. 'पाणी जड असेल' म्हणतानाचं.

वरात निघाली. पुढे टाळ, मधे बाबा, त्यांच्यावर शेठनी धरलेली छत्री, मागे रंगीत साड्या वर धरून चालणाऱ्या बायका, आणि सगळ्यांच्या पुढे माझी आय, मूठ हातात घेऊन. वाडीतल्या बायका हातातलं काम टाकून बघायला आल्या. राजाबाईसुद्धा आली. ती वाडीत सगळ्यात म्हातारी, आणि एका कोंबडीवरून झालेल्या भांडणापायी दोन वर्षं आयशी अबोला धरून होती.

बाबा चिखलात उतरले. पहिल्याच पावलाला त्यांचा पाय पोटरीपर्यंत गेला आणि तोंडातून जो शब्द निघाला तो कुठल्याही स्तोत्रात नाही. भक्तांनी तो ऐकला नाही किंवा ऐकून मंत्र समजले. मग बाबांनी अख्खी मूठ एकाच जागी रोवली.

"अशी नाय, बाबा," आय म्हणाली. "तीन-चार काड्या धरा. आंगठ्यानं दाबा. लई खोल नको."

बाबांनी लावलं. ते रोप सुटून तरंगत वर आलं.

"परत लावा."

काठावर कोणीतरी म्हणालं, "बघा बाबांची लीला! जगाला शिकवणारा स्वतः शिकतोय." जयदेव फोटो काढत होता. बाबांच्या दाढीला चिखल लागला, कफनी ओली होऊन मांड्यांना चिकटली, आणि दर थोड्या वेळाने ते कमरेवर हात ठेवून आकाशाकडे बघत. भक्तांना वाटे ध्यान लागलं. कंबर धरलेला माणूस कसा दिसतो ते आमच्या बायकांना चांगलं ठाऊक होतं. त्या तोंडाला पदर लावून हसत होत्या. त्यांचं ते हसू मला अजून आठवतं. दोनतीन वर्षं त्या बाबांच्या शेतात वाकल्या, पण बाबांना वाकलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

आश्रमाकडून शिऱ्याचा वास आला तसे बाबा सरळ झाले.

"बाबा, दिस अजून बाकी हाय," आय म्हणाली.

"माते, आम्ही शरीराने जातो. मनाने इथेच आहोत."

"मन नको, हात पायजेल."

मी मोठ्याने हसले. पदूने माझ्याकडे असं पाहिलं की मी त्याची कोणी लागतच नव्हते. बाबा बांधावर चढले. अर्धा दिवससुद्धा भरला नव्हता, पण आयने उदार मनाने अर्धा धरला. "आर्दा ऱ्हायला," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "उंद्या या."

आणि इथे बाबांना सुचलंच. बादली विकणारा माणूस, फुटलेल्या बादलीचंही काहीतरी करतोच. जिथे त्यांची पावलं उमटली होती तिथे पाणी साचलं होतं. भक्तांतल्या दोनतीन बायका वाकून तो चिखल रुमालात बांधून घेत होत्या. बाबांनी ते पाहिलं, थांबले आणि हात वर केला.

"पुतळामाते, तुझं भाग्य उजळलं. ही जागा देवाने मागून घेतली. इथे चरणमंदिर होईल."

देव जागा मागतो तेव्हा नेमकी रस्त्याला लागून असलेली मागतो, हे मी अनेकदा पाहिलंय. शेठनी तिथेच मंदिराच्या फरशीचा खर्च कबूल केला. जयदेवने आश्रमातून भगव्या पताकांची दोरी आणवली आणि खाचराच्या चारी बाजूंनी बांधून टाकली. खाचराचा एक कोपरा लावलेला, बाकी सगळं रिकामं, आणि मुठी बांधावर पडलेल्या. "आता आत कोणी पाय टाकायचा नाही," त्याने वाडीच्या बायकांना बजावलं. "टाकील त्याचे पाय झडतील." मग सगळे शिरा खायला गेले.

संध्याकाळी पदू घरी आला तो आनंदाने रडत. त्याने आयचे पाय धरले.

"आये, देऊन टाक. आपल्या जमनीवर देऊल व्हनार! असं भाग्य कुनाचं हाय?"

"आनि खायाचं काय?"

"बाबा बघतील. परसाद आसतोच."

आयने त्याच्यापुढे ताट ठेवलं आणि भात वाढला. तो जेवायला लागला तेव्हा म्हणाली, "याच खाचराचा हाय." पदूचा घास थांबला. मग त्याने ताट बाजूला सारलं आणि आश्रमात निघून गेला. एकुलत्या एका मुलाने भरलं ताट सारलेलं बघून आईला काय होतं ते मी त्या दिवशी पाहिलं. ती ताटाकडे बघत बसली आणि मग तोच भात तिने खाल्ला, कारण अन्न टाकायची तिला सवय नव्हती.

सकाळी तिने इरलं डोक्यावर घेतलं आणि खाचरावर गेली. दोरीजवळ थांबली. मला वाटलं तोडेल. तिने साडी वर खोचली, दोरी एका हाताने खाली दाबली आणि ओलांडून आत गेली. बाबांनी लावलेली जाड जाड रोपं तिने आधी उपटली, सोडवली आणि पुन्हा नीट लावली. मी आणि चांगोही उतरलो. पण तीन माणसांकडून ते खाचर दोन दिवसांत होणारं नव्हतं, आणि पाणी तर दिसत दिसत उतरत होतं. मुठींची टोकं पिवळी पडायला लागली होती.

रस्त्यावरून वाडीच्या बायका आश्रमाच्या शेताकडे चालल्या होत्या. त्या थांबल्या. दोरीकडे बघत, आपापल्या पायांकडे बघत उभ्या राहिल्या. मला त्यांचा राग आला, आणि कीवही आली. पाय झडतील म्हटल्यावर पायांवरच पोट असलेल्या बाईने काय करायचं?

तेवढ्यात पदू धावत आला. "आये, भायेर ये! बाबांचे पाय उमटलेत तिथं!"

आय कंबर धरून सरळ झाली. आणि माझी आय, जी कधी भांडत नाही, ती बोलली.

"त्याचे पाय सकालपासून दुपारवरी व्हते. माजे पाय लगीन करून आले तवापास्नं हायेत. तुज्या बापाचे मरस्तवर व्हते. तू पोटात व्हतास तवा बी मी याच चिखलात उबी व्हते. आमच्या पायांना कदी कुनी दोरी बांदली नाय ती?"

पदू बांधावर उभाच राहिला. त्याला खाली उतरता येईना.

राजाबाई बायकांमधून पुढे आली. आयशी तिचा अबोला होता, म्हणून तिने माझ्याकडे तोंड करून विचारलं. "आवडे, तुजी आय माज्या आवनीला आल्ती का, औंदा?"

"आली होती," मी म्हटलं. खरंच गेली होती, बाबांचं फर्मान निघायच्या आदल्याच दिवशी. अबोला असतानाही.

"मंग इचारायचं काय त्यात." राजाबाईने साडी खोचली. मागून कोणीतरी म्हणालं, "राजाबाय, पाय झडतील!"

"झडले तर झडले," म्हातारी म्हणाली. "सावड बुडवून तोंड कुटं दाखवू?"

ती दोरी ओलांडून आत आली, आयकडे पाठ केली आणि लावायला लागली. मग एक आली. मग दोघी. आय कोणाच्या खाचरात गेली नव्हती? लग्न होऊन आल्यापासून ती सगळ्यांकडे वाकली होती. बाबांची भीती होतीच, पण ती दोनतीन वर्षांची होती. बायका एकेक करून दोरी ओलांडत राहिल्या आणि शेवटी कोणाच्या तरी पायात अडकून ती दोरी चिखलात गेली. पताका सगळ्यांच्या पायांखाली आल्या. त्या मुद्दाम तुडवल्या असं मी म्हणणार नाही. पण कोणी उचलल्याही नाहीत.

आश्रमाचं शेत ओस पडलेलं बघून जयदेव जीप घेऊन आला. "काय चाललंय? बाबांचा कोप होईल! एकेकीची वाट लागेल!"

आयने मान वर केली नाही. "कोप मागनं. आदी त्याचा आर्दा दिस ऱ्हायलाय, तो भराया सांग."

खाचरभर हशा पिकला. राजाबाई तर चिखलात बसता बसता वाचली. जयदेवने पदूला जीपमध्ये बसायला सांगितलं आणि पदू बसला. जाताना त्याने मागे वळून पाहिलं नाही. दिवस मावळायच्या आत खाचर हिरवं झालं होतं.

त्या वर्षी तांदूळ नेहमीएवढाच झाला. चरणांमुळे एक दाणाही जास्त आला नाही आणि कोपामुळे कमीही झाला नाही. कोणाचे पाय झडले नाहीत. राजाबाईच्या टाचेत काटा गेला होता, पण तो बाभळीचा होता.

पुढच्या आवणीला आश्रमातून बोलावणं आलं तेव्हा वाडीच्या बायकांनी एकच विचारलं, "बाबा मूठ घेनार का?" बाबांना तोवर मूठ म्हणजे काय ते कळलं होतं. त्यांनी घेतली नाही आणि बायका गेल्या नाहीत. मग पैसे देऊन मजूर आणावे लागले. मजुरांना पैसे द्यायचे म्हटल्यावर बाबांना शेतीतला देव दिसेनासा झाला. शेतात गवत माजलं. वाडीत त्यांचं नाव पडलं ते कायमचं, अर्ध्या दिसाचा बाबा. लहान पोरंसुद्धा कोणी काम अर्धवट टाकलं की त्याला तेच नाव ठेवायची.

बाबांची भरभराट मात्र थांबली नाही. तसं कधी होतही नाही. त्र्याण्णव साली त्यांनी ती जमीन एका बिल्डरला विकली आणि दूर कुठेतरी मोठा आश्रम काढला. ते गेले तो दिवसही आवणीचाच होता. त्यांची नवी पांढरी गाडी आमच्या खाचराजवळून निघाली तेव्हा आय बांधावर आली आणि तिने हातातली मूठ वर धरून ओरडून सांगितलं, "बाबा, आर्दा दिस ऱ्हायला हो!" गाडीची काच वर गेली.

गाडी दुसराच कोणी चालवत होता. पदूला त्यांनी सांगितलं होतं, तू मागची आवराआवर कर, तुला न्यायला माणूस पाठवतो. तो रिकाम्या आश्रमात माणसाची वाट बघत राहिला. मग बिल्डरचा वॉचमन आला आणि त्याने पदूला कुलूप लावायच्या आधी बाहेर जायला सांगितलं. सहासात वर्षं त्या माणसाची जीप चालवली, त्याची कोंबडी लपवून आणली, त्याचे पाय दाबले आणि त्याच्यासाठी आईचं ताट सारलं. बाबांनी त्याला शेवटी काय दिलं? गळ्यातला तो बिल्ला.

तो आला तेव्हा आम्ही खाचरातच होतो. शेवटचा पट्टा राहिला होता. तो बांधावर येऊन उभा राहिला. गळ्यात बिल्ला नव्हता. किती वाळला होता! मी बोलायला तोंड उघडलं, बादलीपासून सगळं सुनवायचं होतं मला, पण चांगोने माझा दंड धरला.

पदूने बांधावरची एक मूठ उचलली आणि दोन्ही हातांनी आयपुढे धरली, परक्या घरी कामाला गेलेला माणूस धरतो तशी.

"आये," तो म्हणाला, "बाबांचा ऱ्हायलेला आर्दा दिस मी भरतो."

आयने मूठ घेतली नाही. तिचे हात कोपरापर्यंत चिखलाने भरले होते.

"त्याचा त्याच्यावर ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "आनि घरच्याची मूठ कोन घेतं रं? उतर खाली."

पदू चिखलात उतरला.